आरएफएम६९ रेडिओ मॉड्यूलची रेंज अंगणाच्या पुढं जाईना, काय काय तपासावं?

मांजराकाठ:

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक आहे पण सगळं एकदाच लिहून टाकतो. गाव औसा तालुक्यात. घरी सेन्सरचा छोटासा खेळ मांडलाय, पुढच्या खोलीत ईएसपी३२ ला (वायफायवाला छोटा कंट्रोलर बोर्ड) एक आरएफएम६९एचसीडब्ल्यू जोडून गेटवे केलाय, तो वायफायवरून आकडे मोबाईलवर दाखवतो. नोड, म्हणजे सेन्सर आन् रेडिओ असलेले डबे, सध्या दोन. एक गच्चीवरच्या टाकीला, पाणी किती उरलंय ते बघायला, कारण नळ कधी येईल त्याचा भरवसा नाही आन् बोरची मोटार लाइट असेल तेव्हाच चालते. दुसरा सोयाबीन ठेवलेल्या खोलीत, तिथलं तापमान आन् दमटपणा मोजायला डीएचटी२२ लावलाय. दोन्हीकडं आर्डुइनो प्रो मिनी, ३.३ व्होल्ट ८ मेगाहर्ट्झवाला, दोन पेन्सिल सेलवर. तिसरा नोड विहिरीवर लावायचाय, घरापासून साडेतीनशे मीटर असेल, मधी सगळा ऊस.

अडचण अशी की टेबलावर झकास चालतंय. अंगणात गेलं, दहा मीटर, मधी काहीच नाही, गेटवे खिडकीतून सरळ दिसतोय, तरी आरएसएसआय (पोचलेल्या सिग्नलचं बळ डीबीएममधी, शून्याच्या जेवढं जवळ तेवढं चांगलं) -८६. सोयाबीनच्या खोलीतून -९७ आन् निम्मे पॅकेट येतच नाहीत. ती खोली जुन्या वाड्याच्या दगडाची आहे, ९३ च्या भूकंपात वाडा बसला तेव्हा त्याचाच काळा दगड वापरून आजोबांनी बांधलेली, भिंत दोन हात जाड, त्यामुळं तिथं त्रास होणार हे समजू शकतो. पण अंगणात का? टाकीवरचा तर डोक्यावरच आहे, मधी एक स्लॅब, तो दिवसातून एखादं पॅकेट देतो तेही -१०१ च्या आसपास. फाटकाबाहेर काहीच नाही. आन् जिकडं वाचावं तिकडं लोकं म्हणायलेत पाचशे मीटर आरामात मिळतात.

काय केलं ते सांगतो. पॉवर लेव्हल ३१ केली, त्याच्या वर जातच नाही. सोबत आलेली स्प्रिंगसारखी अँटेना काढून काळी रबरी मोठी लावली, एक-दोन डीबीचा फरक पडला, बस. फ्रिक्वेन्सी ८६८, बिटरेट लायब्ररीत होता तोच. कोड एका रेडीमेड प्रोजेक्टचा घेतलाय, फक्त पिना बदलल्यात. मॉड्यूल ऑनलाइन घेतले, एकाच पाकिटात पाच आले.

आता लोरा (लांब पल्ल्याचा दुसऱ्या पद्धतीचा रेडिओ) घेऊ का, पॉवर अ‍ॅम्प्लिफायर लावू, का मॉड्यूलच बोगस निघाले?

---

बीडचा_वायरमन:

लोरा घ्या विषय संपला. आरएफएम९५ (लोराचं मॉड्यूल) टाका, एसएफ१२ (सगळ्यात हळू पण सगळ्यात लांब जाणारं सेटिंग) करा, विहीर काय शेजारच्या गावातून पण येईल. आरएफएम६९ मध्ये उगं वेळ घालवू नका.

---

टिंकर_परभणी:

वायरमन भाऊ जरा दम धरा, दहा मीटरवर -८६ येत असेल तर ते तंत्रज्ञानाचं नाही, काहीतरी बिघडलंय. त्यात लोरा टाकलं तर तो बिघाड झाकला जाईल आन् लोराचं अर्धं बळ त्यातच खर्च होईल.

मांजराकाठ दादा, मला एवढं सांगा.

एक म्हणजे तुमचं मॉड्यूल एच वालं आहे, म्हणजे जास्त पॉवरचं. साधं सीडब्ल्यू +१३ डीबीएम पर्यंत जातं, एचसीडब्ल्यू +२० पर्यंत. पण दोघांच्या आत पॉवर बाहेर काढायचा रस्ता वेगळा आहे. लायब्ररीला सांगावं लागतं की बाबा हे एच वालं आहे. ती सेट हाय पॉवरची ओळ तुमच्या कोडमधी आहे का? दोन्हीकडं, नोडवर पण आन् गेटवेवर पण.

दुसरं, मॉड्यूल उलटं करून मागं बघा. ४३३, ८६८, ९१५ असे आकडे छापलेले असतात आन् त्यातल्या एकावर मार्करनं खूण केलेली असते. पाचही मॉड्यूलची बघा, एकच बघून सोडू नका.

आन् ती रबरी अँटेना कितीची आहे? बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात. पुण्याला तपकीर गल्लीत, नाहीतर हैदराबादला गुजराती गल्लीत जाऊन अँटेना मागितली की दुकानदार समोर पडलेली देतो, ती वायफायची आहे का जीएसएमची ते त्याला पण माहीत नसतं. सरळ एकपदरी तार घ्या, साडेआठ सेंमीच्या जवळपास कापा, मॉड्यूलच्या अँटेना पिनला डाग द्या आन् सरळ उभी ठेवा. ८६६ ला लहरीची पाव लांबी तेवढीच येते. एवढ्या पैशात याच्याहून चांगली अँटेना मिळत नाही.

---

जुनाट_हॅम:

परभणीकरांनी बरोबर नस पकडली आहे. मी फक्त हिशोब मांडतो, कारण रेंज मिळत नाही म्हणणारे बहुतेक जण हिशोब न करता सामान बदलत बसतात.

मोकळ्या जागेत सिग्नल किती उतरतो याचं सूत्र ठरलेलं आहे. अंतर किलोमीटरमध्ये आणि फ्रिक्वेन्सी मेगाहर्ट्झमध्ये घ्या, दोघांचा लॉग घेऊन वीसनं गुणा, बेरीज करा, त्यात ३२.४५ मिळवा. ८६६ मेगाहर्ट्झला एक किलोमीटरसाठी ९१ डीबी येतात. अंतर दहापट कमी झालं की वीस डीबी कमी. म्हणजे शंभर मीटरला ७१, दहा मीटरला ५१. हे एवढं पाठ ठेवलं तरी पुरे.

आता तुमचं अंगण. दहा मीटर, सरळ दिसतंय. मॉड्यूल +१३ नं जरी पाठवत असेल तरी १३ वजा ५१, म्हणजे -३८ यायला हवं. अँटेना भिकार आहेत असं धरा, दोन्ही बाजूला पाच-पाच सोडा, -४८. तुम्हाला येतंय -८६. जवळजवळ चाळीस डीबी कुठंतरी गळतायत. चाळीस डीबी म्हणजे दहा हजारातला एक भाग पोचतोय. हे स्प्रिंग अँटेनामुळं होत नाही. अँटेना पार चुकीची असली तरी दहा-पंधरा डीबी जातात, आणि तुम्ही स्वतःच सांगितलंत की अँटेना बदलून एक-दोनचाच फरक पडला. तेव्हा अँटेनाचा नाद सध्या सोडा.

एवढं मोठं भगदाड पडण्याची कारणं मोजकी आहेत. वर म्हटलेलं हाय पॉवरचं आहेच. या चिपमध्ये पॉवरचे वेगवेगळे टप्पे असतात, पीए० वेगळा आणि पीए१-पीए२ वेगळे. साध्या मॉड्यूलमध्ये अँटेनाची पिन पीए० ला जोडलेली असते, एच वाल्यामध्ये पीए१-पीए२ ज्या पिनेवर येतात तिला, ती पीए बूस्ट म्हणतात ती. साध्या मॉड्यूलसाठी लिहिलेला कोड पीए० चालू करतो आणि एच वाल्यात तो कुठंच जोडलेला नाही. मोटार धो धो चालू आहे आणि पाइप दुसऱ्याच बोरला जोडलाय, असा प्रकार. मग लेव्हल ३१ करा नाहीतर ३०० करा. जे काय येतंय ते चिपच्या आतून पाझरलेलं. टेबलावर तेवढंही पुरतं, म्हणून सगळ्यांना वाटतं की चालतंय.

दुसरं कारण ४३३ चं मॉड्यूल ८६८ वर चालवणं. चिप एकच असते, तिला कुठलीही फ्रिक्वेन्सी सांगा, ती हो म्हणते, रजिस्टर बरोबर वाचून दाखवते, एररही येत नाही. फरक चिपच्या बाहेरच्या त्या चार-दोन बारीक कॉइल-कॅपॅसिटरमध्ये असतो. ४३३ च्या मॉड्यूलमधला फिल्टर ८६६ ला मुद्दाम अडवण्यासाठीच बसवलेला असतो, कारण ४३३ ची दुप्पट फ्रिक्वेन्सी तीच.

तिसरं म्हणजे डाग. अँटेना पिनचा डाग थंड बसलाय का, शेजारच्या ग्राउंडला चिकटलाय का, हे भिंगातून बघा.

आणि एक, अँटेना न लावता पूर्ण पॉवरवर चालवू नका. पुढच्या टप्प्याला ते मानवत नाही.

---

बीडचा_वायरमन:

काका हिशोब पटला पण मला एक सांगा, लोरा असतं तर यातलं काहीच करावं लागलं नसतं ना? माझं तर पहिल्या फटक्यात चाललं.

---

जुनाट_हॅम:

चाललं असेल. लोरा एसएफ१२ ला, १२५ किलोहर्ट्झ रुंदीत, -१३६ च्या आसपासचा सिग्नल उचलतं. आरएफएम६९ एफएसके मध्ये (फ्रिक्वेन्सी थोडी इकडं तिकडं सरकवून डेटा पाठवायची साधी पद्धत) ३८.४ केबीपीएसला -१०५ वर थांबतं, ४.८ ला -११४, १.२ ला -११८. तो फरक मी नाकारत नाही. पण एसएफ१२ ला वीस बाइटचं पॅकेट हवेत सव्वा सेकंदाच्या वर राहतं, तेच एसएफ७ ला साठ मिलिसेकंदांच्या आत. पेन्सिल सेलवर रोज शेकडो वेळा सव्वा सेकंद ट्रान्समिट केलं की सेल किती टिकतील ते तुम्हीच बघा. आणि आरएफएम९५ मध्येही अँटेना पीए बूस्टवरच जोडलेली असते बरं का, तिथंही कोडमध्ये दुसरा रस्ता निवडला की हेच रडगाणं. एसएफ१२ नं ते झाकलं जातं एवढंच.

अजून एक, +१३ वरून +२० वर जाणं म्हणजे सात डीबी, पाचपट पॉवर. ऐकायला दांडगं वाटतं. मोकळ्या जागेत त्यानं अंतर सव्वादोनपट होतं, आणि जमिनीलगत, जिथं आपले नोड असतात तिथं, जेमतेम दीडपट. अ‍ॅम्प्लिफायर विकत घेण्याआधी हा आकडा बघत जा.

---

मांजराकाठ:

काका, टिंकर दादा, कोड उघडून बघितला. प्रोजेक्टवाल्यानं साध्या सीडब्ल्यूसाठीच लिहिलाय, हाय पॉवरची ओळ नोडवर पण नाही आन् गेटवेवर पण नाही. दोन्हीकडं टाकली, दुसरं काहीच बदललं नाही, अँटेना पण तीच ठेवली.

अंगणात -८६ चं झालं -३७. मी दोनदा वाचलं स्क्रीनवर.

सोयाबीनची खोली -९७ वरून -५०, दार लावून, ते पण दगडाच्या भिंतीतून. फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत गेलो, येतंयच.

पण टाकीचा काही पटंना. तो -१०१ वरून -६३ वर आला, पॅकेट सगळे येतात, काम भागलंय म्हणायला हरकत नाही, पण काकांच्या हिशोबानं तो पाच मीटरवर आहे, मग लांबच्या सोयाबीनवाल्यापेक्षा कमी कसा? एका स्लॅबला एवढं लागतं का?

आन् नवीनच भानगड, सोयाबीनवाला नोड दर पॅकेटला रिसेट व्हायलाय. मी पॅकेटमधी एक काउंटर पाठवतो, तो पुढं जाईचना, दर वेळी १ च येतो. आधी असं नव्हतं, हाय पॉवर केल्यापासूनच.

---

टिंकर_परभणी:

-३७ आन् काकांचा अंदाज -३८, वा.

रिसेटचं सोपं आहे. एचसीडब्ल्यू +२० वर पाठवताना १३० मिलिअ‍ॅम्पच्या घरात ओढतं, आधी पीए० वर त्याच्या निम्मं पण नव्हतं. दोन पेन्सिल सेल म्हणजे नवीन असताना तीन व्होल्ट, थोडे वापरले की २.८ वगैरे. पाठवायची वेळ आली की क्षणभर व्होल्टेज बसतं, आन् ३.३ वाल्या प्रो मिनीचं ब्राउन आउट २.७ ला ठेवलेलं असतं. २.७ च्या खाली गेला की एटीमेगा (प्रो मिनीवरची मुख्य चिप) रिसेट. मंग पुन्हा चालू होतो, पुन्हा पहिलं पॅकेट पाठवतो, पुन्हा बसतो. तुमचा १ म्हणजे तेच.

मॉड्यूलच्या पॉवर पिनांना अगदी लागून शंभर मायक्रोफॅरडचा एक आन् सोबत ०.१ चा एक, असे दोन कॅपॅसिटर लावा. पण खरा इलाज म्हणजे पॉवर कमी करा. सोयाबीनच्या खोलीतून -५० येतंय, तुम्हाला -९० आलं असतं तरी चाललं असतं. लेव्हल ३१ ची १५ करा, हाय पॉवरची ओळ तशीच ठेवून. सेल पण जास्त टिकतील.

गेटवेचा ३.३ कुठून घेतलाय? ईएसपी३२ च्या बोर्डवरून असेल तर वायफाय पण तिथूनच ओढतं, तिथं पण मोठा कॅपॅसिटर टाका. कुणी नॅनोवर करत असेल तर त्यांनी विशेष बघा, नॅनोची ३.३ पिन यूएसबीच्या चिपमधून येते, तिच्यात दमच नसतो, पन्नास मिलिअ‍ॅम्प म्हणजे डोक्यावरून पाणी. आन् नॅनो पाच व्होल्टचा, त्याच्या पिना सरळ आरएफएमला जोडायच्या नाहीत, मॉड्यूल ३.३ वालंच आहे, पाच सोसत नाही.

टाकीच्या मॉड्यूलची मागची खूण बघितली का?

---

मांजराकाठ:

आता बघितली, डबा उघडून. गेटवे आन् सोयाबीनवाला दोन्ही ८६८. टाकीवाल्यावर ४३३ ला टिक. पाकिटातले उरलेले दोन काढले, त्यातला एक ८६८ आन् एक ४३३. पाकिटावर मोठ्या अक्षरात ८६८ लिहिलंय. मॉड्यूल शेजारी शेजारी ठेवून मोबाईलच्या कॅमेऱ्यानं झूम केलं तर अँटेना पिनजवळच्या बारक्या कॉइलचे आकार पण वेगळे दिसायलेत. दुकानवाल्याला फोटो पाठवला, म्हणतोय डाग दिलेला माल परत होत नाही.

टाकीवर उरलेला ८६८ वाला बसवला. -३९. स्लॅबचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

सोयाबीनवाला लेव्हल १५ वर, कॅपॅसिटर लावून, काउंटर आता नीट पुढं चाललाय. आरएसएसआय -५८ च्या आसपास.

आता विहीर. तिच्यासाठी ८६८ चं मॉड्यूल वेगळं आणलं, खूण बघून. फाटक सोडून उसाच्या कडेकडेनं नोड हातात घेऊन गेलो. उसाच्या मागं गेलं की धडाधड उतरतंय, विहिरीवर -१०४, मधूनच एखादं. तिथं पूर्ण पॉवर ठेवलीय. आता तरी लोरा घेऊ का?

---

बीडचा_वायरमन:

मी काहीच बोलत नाही आता 😄

---

जुनाट_हॅम:

आता लोराचा विचार करायला हरकत नाही, पण त्याआधी अँटेना वर उचला, ते फुकट आहे.

साडेतीनशे मीटरला मोकळ्या जागेत ८२ डीबी जातात. +२० नं पाठवलं तर -६२ यायला हवं. -१०४ येतंय म्हणजे ऊस आणि जमीन मिळून चाळीस डीबी खातायत. या वेळी चूक कोडमध्ये नाही, हे खरंच ऊस खातोय. उसाच्या पानात पाणी असतं, आणि तुमचा नोड हातात, म्हणजे छातीच्या उंचीवर, ऊस त्याच्या दुप्पट उंच. सिग्नल उसातूनच चाललाय सगळा.

नुसती नजरेची रेषा मोकळी असून भागत नाही, तिच्या भोवती एक फुगीर पट्टा मोकळा लागतो, त्याला फ्रेनेल झोन म्हणतात. तुमच्या अंतराला मध्यावर त्याची त्रिज्या साडेपाच मीटर येते, त्यातला साठ टक्के मोकळा मिळाला तरी चालतं, म्हणजे उसाच्या शेंड्यापासून सव्वातीन मीटर वर. एवढं सगळं जमवायलाच पाहिजे असं नाही, पण दोन्ही टोकं उसाच्या वर आली की मोठा फरक पडेल.

घराच्या बाजूला गेटवे पुढच्या खोलीतून गच्चीवर न्या. सध्या कशावर ठेवलाय ते लिहिलं नाहीत, पण लोखंडी कपाटावर किंवा कपाटाशेजारी असेल तर तेही डीबी खातंय. विहिरीवर जुना जीआय पाइप किंवा बांबू उभा करा. आणि इथं एक चूक बरेच जण करतात, डबा खाली ठेवतात आणि वर अँटेना लावून मधून बारीक केबल ओढतात. आरजी१७४ सारखी बारीक केबल या फ्रिक्वेन्सीला मीटरला जवळपास एक डीबी खाते. त्यापेक्षा रेडिओचा डबाच वर बांधा, खाली फक्त सेन्सरची वायर सोडा. डबा प्लॅस्टिकचा, खाली बारीक भोक, म्हणजे आत धरलेलं पाणी निघून जाईल. पाइप लोखंडी असेल तर अँटेना पाइपच्या टोकाच्या वर यायला हवी, पाइपला चिकटून नको. पावसाळ्यात शेतात सगळ्यात उंच वस्तू तुमचा पाइप होणार, वीज चमकायला लागली की तिकडं जाऊ नका.

दोन्ही अँटेना उभ्या. एक उभी एक आडवी झाली की दहा-वीस डीबी तिथंच जातात. आणि पाव लांबीच्या तारेला खाली जमीन लागते, मॉड्यूलची ती टिचभर पट्टी पुरत नाही. ग्राउंडला तेवढ्याच लांबीच्या तीन-चार तारा जोडून खाली तिरप्या सोडा, छत्रीच्या काड्या असतात तशा.

---

टिंकर_परभणी:

काकांचं सगळं करून शेवटी बिटरेट उतरवा. लायब्ररीत ५५ केबीपीएसच्या वर असतो, विहिरीतल्या पाण्याची पातळी पाठवायला तेवढं कशाला? ४.८ वर आणलं तर दहा डीबी हातात येतात. पण रिसीव्हरची बँडविड्थ आन् डेव्हिएशन (पाठवताना फ्रिक्वेन्सी किती सरकते ते) पण त्याच मापात कमी करायचं, नुसता बिटरेट बदलून फायदा नाही. आन् लई अरुंद पण करू नका, या स्वस्त मॉड्यूलचे क्रिस्टल वीस पीपीएम (दहा लाखात वीस भाग) इकडं तिकडं असतात, ८६६ ला वीस पीपीएम म्हणजे सतरा किलोहर्ट्झ, दोन्ही मॉड्यूल उलट्या दिशेला सरकलेले असले तर चौतीस. उन्हात तापलेल्या डब्यात अजून सरकतं. सकाळी येतंय आन् दुपारी बंद होतंय अशी तक्रार असली की मी पहिले हेच बघतो. आन् हो, सगळ्या नोडवर एकच सेटिंग लागतं, एक बदललं आन् दुसरं राहिलं तर कुणाचंच कुणाला कळत नाही.

---

नांदेडहून_वाचतोय:

मधेच घुसतो, माफी. माझं उलटं आहे. आरएसएसआय -७५ मस्त, तरी पॅकेट गळतात. ८६८ वरच आहे. हाय पॉवरची ओळ आहे, खुणा पण तपासल्या. शेजारच्या प्लॉटमध्ये मोबाईलचा टॉवर आहे त्याचं काही असेल का?

---

जुनाट_हॅम:

असेल. आपल्याकडं ८०० बँडचं ४जी चालतं, त्यात टॉवरकडून मोबाईलकडं येणारा भाग ८६९ मेगाहर्ट्झपासून वर सुरू होतो. तुम्ही ८६८.० वर, टॉवर शेजारच्या प्लॉटमध्ये, मध्ये फक्त एक मेगाहर्ट्झ. या मॉड्यूलच्या तोंडाशी त्याला अडवणारा फिल्टर नसतो. तुमचा सिग्नल चांगला आहे पण रिसीव्हर टॉवरनं बधिर झालाय.

मुळात ८६८ हा युरोपचा आकडा, तिथून कोड येतो म्हणून सगळे तोच ठेवतात. आपल्याकडं २००५ पासून ८६५ ते ८६७ ला लायसन लागत नाही, ट्रान्समीटर एक वॅटपर्यंत. २०२१ मध्ये ते ८६८ पर्यंत वाढवलं, म्हणजे ८६८.० म्हणजे अगदी काठावर. ८६५.५ किंवा ८६६ वर या, दोन्ही कामं होतात, नियमातही बसता आणि टॉवरपासूनही लांब जाता. गेटवे घराच्या अशा बाजूला ठेवा की मध्ये भिंत येईल आणि टॉवर दिसणार नाही.

मांजराकाठ, तुम्हीही ८६६ करून टाका.

---

नांदेडहून_वाचतोय:

८६५.५ केलं, गळती जवळजवळ बंद झाली. भिंतीमागं अजून हलवायचाय. आभारी आहे काका.

---

मांजराकाठ:

विहिरीचं झालं. मोटारीच्या जुन्या जीआय पाइपाचा तुकडा होता तो रोवला, डबा टोकाला, अँटेना त्याच्याही वर, खाली चार तारा. गेटवेचा आरएफएम गच्चीवर टाकीच्या कट्ट्यावर नेला, आधी खरंच कपाटावर होता. दोन्ही उभ्या. बिटरेट ४.८, फ्रिक्वेन्सी ८६६. -८४ येतंय, ऊस अजून तोडलेला नाही तरी. लोरा राहू द्या.

एकच राहिलं, विहिरीची मोटार चालू झाली की नोड थोडा वेळ गायब होतो. स्टार्टर दहा फुटांवर आहे. मोटारीचा आवाज रेडिओत शिरतोय का?

---

टिंकर_परभणी:

पाठवणारा नोड विहिरीवर आहे, ऐकणारा घरी. मोटारीचा गोंगाट विहिरीवर असला तरी घरच्या रिसीव्हरला त्याचा त्रास नाही, जास्तीत जास्त तुमच्या नोडला गेटवेकडून येणारी पोच ऐकू येणार नाही. गायब होतोय म्हणजे नोड रिसेट होतोय नाहीतर हँग. काउंटर बघा, मोटार चालू झाल्यावर पुन्हा १ पासून सुरू होतोय का? होत असेल तर स्टार्टर ओढताना जो झटका बसतो तो सेन्सरच्या लांब वायरीतून आत येतोय. वायर मोटारीच्या केबलसोबत बांधलीय का? ती वेगळी काढा, शील्डवाली घ्या, शील्ड एकाच टोकाला ग्राउंड करा, आन् प्रो मिनीवर वॉचडॉग चालू करा म्हणजे अडकला तरी स्वतः उठेल.

---

मांजराकाठ:

काउंटर १ पासूनच सुरू व्हायलाय. आन् हो, वायर मोटारीच्या केबललाच टेपनं बांधलीय, गडी म्हणाला सोबत बांधली की सुटसुटीत दिसतंय. उद्या लाइट गेली की वेगळी काढतो.

ते दोन ४३३ वाले मॉड्यूल पडून आहेत, कुणाला लागत असतील तर सांगा, लातूरला आलात की घेऊन जा.

---

बीडचा_वायरमन:

मला द्या, पुढच्या आठवड्यात लातूरला येणंच आहे. घरातल्या घरात दारावरच्या बेलला लावतो, पॉवर एकदम कमी ठेवून. तार किती कापू?

---

टिंकर_परभणी:

सतरा सेंमी. आन् हाय पॉवरची ओळ त्याच्यात पण टाका, ते पण एच वालेच आहेत. पॉवर कमी करायची ती लेव्हलनं.